शेवटच्या ओळीतलं नाव

१२ जानेवारी २०२५, रविवार

मोठेबाबा,
जय भीम.

फोन तुम्ही उचलत नाई. दोन वर्षांत मी कितीदा लावला ते नंदिनीले विचारा. म्हणून कागद घेतला. नववी नापासाचा कागद आहे. चुका दिसल्या तर हसू नका. नाईतर हसा, तेही चालते.

मी आता स्लोवेनिया नावाच्या देशात आहो. इटलीच्या शेजारी, आपल्या विदर्भाहून कितीतरी बारका देश. पुणं झालं, सुरत झालं, दुबई झालं, आता इथं. माहा पाय एका जागी ठरत नाई हे तुम्हीच म्हणत होते. एका खानावळीत भांडे धुतो, आलू सोलतो. मालकीणबाईचं नाव मिलेना. मोठीआईहून लहान आहे, पण ओरडते तशीच. बाहेर गुडघ्याएवढा बर्फ आहे.

खानावळीच्या बाजूले गावच्या आग विझवणाऱ्या लोकाईचं सभागृह आहे. आग काई रोज लागत नाई, म्हणून बाकी दिवस तिथं गाणं-वाजवणं असते. पोल्का म्हणतात त्याले. ढोलकीनं दुगुन धरावी तसा ठेका, अन् म्हाताऱ्या बायासुद्धा गरगर नाचतात. स्तानको नावाचा एक म्हातारा आहे, चौऱ्याहत्तर वर्षांचा. तो छातीले पेटी बांधून उभ्यानं वाजवते. भाता आपल्यासारखाच, फक्त पट्ट्यांच्या जागी बटणं. अन् नाव काय सांगू, हे लोक तिले हार्मोनिकाच म्हणतात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माह्या हातातलं ताट सुटलं. मिलेना ओरडली. मी म्हटलं, हात ओला होता.

घसा कसा आहे तुमचा? आपली गाण्याची पार्टी चालू आहे ना? उत्तर नाई दिलं तरी चालते.

तुमचा,
रत्नदीप


२ फेब्रुवारी २०२५, रविवार

मोठेबाबा, जय भीम.

नंदिनीचा मेसेज आला. पत्र भेटलं म्हणते. तुम्ही वाचलं अन् काई बोलले नाई, पण फाडलं नाई. ती म्हणे, "घडी करून पेटीच्या डब्यात ठेवलं बाबानं." तेवढ्यावर मी चार दिवस चाललो.

पण तिनं दुसरंही सांगितलं. पार्टी बंद आहे. पेटीवर कपडा टाकला आहे. तानबाकाका ढोलकी घेऊन हिंगणघाटच्या बँडवाल्याकडं गेले. तानबाकाका बँडमध्ये, अन् लाल कोट घालून! मले आधी हसू आलं, मंग नाई आलं. तुमच्या घशामुळंच बंद केली असंल पार्टी. थंडीत घसा धरतेच.

इकडली गोष्ट सांगतो. नऊ मार्चले सभागृहात मोठा कार्यक्रम आहे. पोल्का वाजवणाऱ्याईचा सत्कार. स्तानकोले वाजवायले लागून पन्नास वर्षं झाली. पण एकट्या स्तानकोचा नाई. आग विझवणाऱ्याईचा प्रमुख रोज खानावळीत येऊन यादी करते, खोडते, पुन्हा करते. त्याच्या यादीत एक बस चालवणारा आहे, ज्यानं तीस वर्षं बाजे गावोगाव नेले. एक चांभारकाम करणारा आहे, भात्याचं कातडं शिवते. मिलेनाची आई आहे, वाजवणाऱ्याईले सूप पाजणारी. अन् एक बाई तर फक्त पुढच्या रांगेत बसते! मी विचारलं, हिनं काय केलं? मिलेना म्हणे, "पाऊस असो, बर्फ असो, ती आली. समोर कोणी नसंल तर वाजवेल कोण?"

अन् एक सवय आहे यांची. स्तानको कोणतंही गाणं वाजवायच्या आधी टोपी काढते अन् ज्यानं ते बांधलं त्याचं नाव घेते. बांधणारा मेलेला असो की समोर बसला असो. दर वेळी. मी मिलेनाले म्हटलं, सगळ्याईले तर माहीत आहे, मंग काऊन घेते? ती म्हणे, "जेवायच्या आधी हात काऊन धुतो, असं तू विचारतो का?"

मी ताटं धुतली. त्या दिवशी खूप धुतली.

तुमचा,
रत्नदीप


२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

मोठेबाबा,

मागच्या पत्रात मी थंडीचं लिहिलं. पार्टी थंडीनं बंद नाई झाली, हे मले माहीत आहे. तुमाले माहीत आहे की मले माहीत आहे. मंग लिहूनच टाकतो.

आंजीचा कार्यक्रम. येत्या एप्रिलात दोन वर्षं होतील. तुमचा घसा पूर्ण बसला होता, मोठीआई हळद-दूध पाजून पाजून थकली. स्टेजवर तुम्ही म्हणाले, "आज रत्नदीप म्हणेल, मी नुसती पेटी धरतो." अकरा वर्षांत पहिल्यांदा मी समोरच्या माईकवर आलो. अन् गाणं कोणतं, तर तुमचं. तुमच्या मायचं, माह्या आजीचं.

अल्लीपूरची माय माही, पायी निघाली दीक्षेले,
कडेवर एक, पोटात एक, नाई थांबली रस्त्याले.

सहाशे माणूस होतं, एक लेकरू रडलं नाई. समोरच्या बाया डोळे पुसत होत्या. मले वाटलं माह्यासाठी रडून राह्यल्या. शेवटचं कडवं आलं. आपल्याकडं शेवटच्या ओळीत ज्यानं गाणं बांधलं त्याचं नाव येते, हे मले तुम्हीच बारा वर्षांचा असताना शिकवलं. "ती ओळ म्हणजे सातबारा आहे, खोडता येत नाई," असं म्हटलं होतं. तुमची ओळ होती, नानाजी म्हणे, पोटी होतो, मीबी गेलतो संग. अन् मी म्हटलं,

रत्नदीप म्हणे, पोटी होतो, मीबी गेलतो संग.

पेटी थांबली नाई. हे मले अजून कळत नाई मोठेबाबा, तुमचा हात थांबला काऊन नाई. तुम्ही गाणं पूर्ण करून दिलं.

मांडवाच्या मागं तुम्ही एकच बोलले. बसक्या आवाजात, हसतच म्हणाले म्हणा ना. "छप्पन साली तू कोणाच्या पोटात होता रे?" तानबाकाका खो खो हसले. अन् मले ते हसणं झोंबलं. मी म्हटलं, "तुमच्या पार्टीच्या पोटात. अकरा वर्षं झाली, अजून बाळंतीण नाई झाली."

हे मी सगळ्याईसमोर म्हटलं. तुम्ही पाणी प्यायले अन् पेटी बांधायले लागले.

आता एक लिहितो, राग नका मानू. बॅनरवर काय असायचं? 'नानाजी थूल आणि पार्टी, अल्लीपूर'. अकरा वर्षं मी त्या 'आणि पार्टी'त होतो. टाळ वाजवले, सतरंज्या उचलल्या, कोरस धरला, पेटी डोक्यावर घेऊन नदी ओलांडली. कोणत्याच गावात कोणी माहं नाव घेतलं नाई. तुम्हीही नाई घेतलं. तुमच्या मनात खोट नोयती, तुमाले ते सुचलंच नाई. पण त्याचा हिशेब करायची ही जागा नोयती. नाव पाहिजे होतं तर मागायचं होतं. नाईतर सोताचं गाणं बांधायचं होतं. ते मले जमत नाई, म्हणून तुमची माय घेतली.

आदेशनं मोबाईलवर ते गाणं धरलं होतं, माह्या वर्गातला आदेश, आता नालवाडीच्या जयंती मंडळात आहे तो. दोन दिवसांत टाकलं. सहा लाख लोकाईनं पाह्यलं. मी आदेशले पुसून टाक म्हणू शकत होतो. नाई म्हटलं. मले आवडलं ते. तुमच्या घरासमोरून जायची लाज वाटली, तर पुण्याची गाडी धरली, पण पुसून टाक नाई म्हटलं.

आज त्याच आदेशचा फोन होता. चौदा एप्रिलले मंडळ माहा सत्कार करणार. 'अल्लीपूरचे सुपुत्र, परदेशस्थ लोकगायक'. मी तिथं नाई तर फोनवरून मोठ्या पडद्यावर दाखवतील. म्हणे, "नानाजीकाकाले पुढच्या रांगेत बसवतो बे, मान देऊ, शाल देऊ. तुहे मोठेबाबा आहेत शेवटी." तुमाले! तुमच्याच गाण्याले टाळ्या वाजवायले बसवणार. मी हो म्हटलं नाई. नाई पण म्हटलं नाई.

अन् इकडं मिलेनानं तो व्हिडिओ पाह्यला. नऊ तारखेले मीही एक गाणं म्हणावं म्हणते. ते मी म्हणतो. तुमचं नाव घेऊन म्हणतो. इथं म्हणून जीभ सरळ करतो, मंग नालवाडीले सांगतो. पक्कं.

रत्नदीप


१० मार्च २०२५, सोमवार

मोठेबाबा, जय भीम.

कार्यक्रम चांगला झाला. दुपारी तीनले सुरू झाला. सगळे नवे कपडे घालून आले होते. भात्याचं कातडं शिवणाऱ्याचं नाव पुकारलं तर तो उठेचना, बायकोनं कोपर मारलं तेव्हा उठला. पुढच्या रांगेतल्या बाईले फुलं दिली, तिनं ती तिथंच बाकीच्याईले एक-एक वाटून टाकली. मिलेनाची आई चाकाच्या खुर्चीत होती. तिच्यासाठी स्तानकोनं खाली उतरून वाजवलं, टोपी काढून. ती म्हणे, "सूप थंड होऊन राह्यलं, आवर." सगळं सभागृह हसलं.

मी गायलो. टाळ्या झाल्या.

बाकी काई नाई.

रत्नदीप


१३ मार्च २०२५, गुरुवार

मोठेबाबा,

सोमवारच्या पत्रात सगळं लिहिलं नाई. खरं लिहितो.

पंधरा दिवस मी भांडे धुताना घोकत होतो. नानाजी म्हणे, नानाजी म्हणे. मिलेना म्हणे हा येडा झाला. स्टेजवर गेलो. स्तानको सुरात बसला, दोनदा ऐकून त्यानं चाल उचलली होती, आपल्यासारखीच मागून सुराची आस देत होता. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. अन् शेवटच्या ओळीले तोंडातून आलं, रत्नदीप म्हणे.

ठरवून नाई, मोठेबाबा. आपल्या लोकाईची शपथ. दोन वर्षं तो व्हिडिओ मी रोज ऐकला. दुबईत खोलीवर ऐकला, सुरतेत ऐकला. जीभ तिकडंच वळली. बैल जसा रोजच्या बांधावर वळते.

अन् पुढचं ऐका. सभागृहातल्या एकाही माणसाले गाण्यातला एक शब्द कळत नोयता. एकच शब्द त्याईले ओळखीचा होता. खानावळीत मिलेना दिवसभर त्याच शब्दानं ओरडते. तो ऐकल्याबरोबर सगळे खूष झाले. उभे राह्यले. पाय आपटून म्हणायले लागले, "रत्नदीप! रत्नदीप!" सूपवाली म्हातारीसुद्धा. एवढ्या लोकाईनं माहं नाव जन्मात घेतलं नोयतं. हेच तर पाहिजे होतं ना मले? मी स्टेजवर उभा होतो अन् वाटत होतं, कोणीतरी दिवा बंद करा.

दुसऱ्या दिवशी स्तानको कॉफी प्यायले आला. मी फोनवर बोलून बोलून, त्या फोनकडून त्याच्या भाषेत करून घेऊन, सगळं सांगितलं. गाणं कोणाचं, माय कोणाची, पोटात कोण होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मंग विचारलं, "तो माणूस जिवंत आहे?"

मी म्हटलं, आहे.

तो म्हणे, "मंग मले कायले सांगतो?" अन् कॉफी अर्धी ठेवून गेला.

तुमाले मी चार पत्रं लिहिली, पण तुमाले तर ते सगळं आधीच माहीत होतं. ज्याईले माहीत नाई त्याईले सांगायचं आहे. कळलं मले.

रत्नदीप


६ एप्रिल २०२५, रविवार

मोठेबाबा, जय भीम.

आदेशले फोन केला. म्हटलं, गाणं मोठेबाबाचं आहे, ओळ मी बदलली, सत्कार त्याईचा करा. तो पहिले हसला. मंग म्हणे, "अबे, बॅनर छापून आलं. तुह्या फोटोसकट. आता कायले उकरून राह्यला?"

मी म्हटलं, "फाडा बॅनर."

"लोकाईले काय सांगू? मंडळाले माहीत नोयतं म्हणू? मले तर माहीत होतं ना बे. मीच टाकलं ते."

"मंग दोघंही सांगू."

"तू तिकडं बसून सांगशील. मले इथं राहायचं आहे." असं म्हणून ठेवला.

त्याचंही खरं आहे. पण मी ऐकलं नाई. पुन्हा पुन्हा फोन लावून तो व्हिडिओ त्याच्याकडून पुसून घेतला. मंग सभागृहाच्या पायरीवर बसून नवीन केला. त्यात गाणं नाई म्हटलं, नुसतं सांगितलं. गाणं नानाजी थूल, अल्लीपूर, याईचं. मी खोटं नाव घातलं. छप्पन साली मी नोयतो. आज नऊ दिवस झाले, चारशे बारा लोकाईनं पाह्यला. अन् जुनं पुसलं तर काय, लोकाईजवळ आहेच. कोणी त्याले डीजे लावला आहे. नंदिनी म्हणते आंजीच्या शाळेत पोरी स्नेहसंमेलनात त्याच्यावर नाचल्या, माह्या नावासकट.

आदेश शेवटी तयार झाला. चौदा तारखेले पडद्यावर मले दोन मिनिटं देतो म्हणे. सत्कार तुमचा. तुम्ही जाजा, मोठेबाबा. माह्यासाठी नाई. नाव तुमचं आहे, त्यासाठी जाजा.

रत्नदीप


२७ एप्रिल २०२५, रविवार

मोठेबाबा, जय भीम.

तुम्ही गेले. पांढरा सदरा घालून, मोठीआईले घेऊन. मले पडद्यावर तुम्ही दिसत नोयते, मांडवाचे दिवेच तेवढे दिसत होते, पण नंदिनीनं सगळं सांगितलं.

मी दोन मिनिटांत जे बोललो ते लोकाईनं ऐकलं. कोणी शिव्या दिल्या नाई, कोणी टाळ्याही वाजवल्या नाई. मंग आदेशनं तुमाले वर बोलावलं. अन् तुम्ही शाल घेतली नाई, पेटी मागितली. दोन वर्षांनी. इतकं मले फोनवरही ऐकू आलं, पेटीचा पहिला सूर. मी खानावळीच्या मागच्या दाराशी उभा होतो. तिथंच पायरीवर बसलो.

आवाज आता बारीक झाला आहे तुमचा. पण माय तीच होती. कडेवर एक, पोटात एक. मांडवातल्या बाया संगं म्हणायले लागल्या, पोरं म्हणायले लागले. सगळ्याईले पाठ आहे. शेवटचं कडवं आलं. मी फोन कानाले असा दाबला की कान दुखला. तुम्ही श्वास घेतला.

अन् तुम्ही तोंड उघडायच्या आधी सगळ्या मांडवानं म्हटलं, "रत्नदीप म्हणे."

आता पाच मिनिटांपूर्वी मी सांगितलं होतं त्याईले. त्याईच्यातही खोट नोयती. जीभ तिकडंच वळली. नंदिनी म्हणते मंग अचानक सगळे गप झाले, समोर कोण बसलं आहे ते त्याईले आठवलं. आदेशनं मान खाली घातली. पेटी तेव्हाही थांबली नाई. तुम्ही उरलेली अर्धी ओळ म्हटली. पोटी होतो, मीबी गेलतो संग. तेवढीच. नाव पुन्हा घेतलं नाई.

घरी येऊन जेवले म्हणते. मोठीआई रडली, तुम्ही नाई. म्हणाले, "पोरं गातात ना. गाऊ दे." बस.

मोठेबाबा, शिवी दिली असती तर मी आज घरी यायले निघालो असतो. गाणं ही वस्तू असती तर कापडात गुंडाळून परत पाठवली असती. सहा लाख तोंडांतून मी काय काढून आणू? तिथं तुम्ही सोताच्याच गाण्यात पाहुण्यासारखे गायले, अन् ते मी केलं आहे.

पार्टी पुन्हा सुरू केली हे ऐकून बरं वाटलं. तानबाकाकानं लाल कोट काढला म्हणे. नंदिनीनं तुमचं नवीन गाणं धरून पाठवलं, मोठीआईच्या कापूस वेचण्याचं. मी ते शंभरदा ऐकलं. शेवटच्या कडव्यात तुम्ही नाव टाकलं नाई. ती जागा मोकळी ठेवली, तिथं नुसती पेटी वाजते. नंदिनीले विचारलं, विसरले का? ती म्हणे, "नाई. आता सगळ्या गाण्यात असंच करतात."

मी इथं भांडे धुताना ते लावतो. ती मोकळी जागा आली की नळ बंद करतो अन् तिथं तुमचं नाव म्हणतो. मिलेना आता विचारत नाई.

खाली नाव लिहीत नाई. अक्षर ओळखाल.